चर्विलची आवणी

आज सकाळी अंगणात आले तर स्कूटीच्या सीटवर दव होतं. बोटानं रेघ ओढली, पाण्याचा ओघळ खाली आला आणि मला डब्याचं, ऑफिसचं, कशाचंच भान राहिलं नाही. थंडी आली होती. मी तशीच चपलेनिशी घरात शिरले, फ्रिज उघडला आणि इडलीच्या पिठामागं दडवलेली छोटी बाटली बाहेर काढली. संजय, म्हणजे माझा नवरा, साजगावच्या कंपनीची बस पकडायच्या घाईत बूट घालत होता. त्यानं बाटलीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, झालं, आता तीन महिने या घरात आपल्याला कोणी विचारत नाही. त्याचं म्हणणं खरं आहे.

बाटलीत चर्विलचं बी आहे. काळपट, लांबट, बारीक. सुईची टोकं मोडून ठेवल्यासारखं दिसतं. चर्विल ही कोथिंबीर, शेपू, गाजर यांच्या भावकीतली. पान कोथिंबिरीपेक्षा बारीक कातरलेलं आणि हाताला इतकं मऊ की चिमटीत धरल्याचं कळतच नाही. चुरगळलं की आधी बडीशेप येते, तिच्या मागून कोथिंबीर, आणि अगदी शेवटी काहीतरी हिरवं, गोडसर, ज्याला मला अजून नाव सापडलेलं नाही. ही बाई थंड देशातली. आमच्या खालापूर तालुक्यात उन्हाळ्यात ती एक दिवसही तग धरणार नाही. पण पावसाळा सरून डोंगरावरचा गारवा रात्री खाली उतरायला लागला की ती येते. नखरे करत येते, पण येते. मेथी आणि मुळा गुणी आहेत, टाकले की उगवले, त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. फक्त त्यांच्यासाठी मी कधी सकाळी दात न घासता परसात धावलेली नाही.

दर वर्षी ही बाटली हातात घेतली की मला तो पहिला हिवाळा आठवतो. आठवतो म्हणजे काय, अंगावरच येतो. ओल्या मातीचा वास, चुलीचा धूर, धुक्यात अर्धा बुडालेला आमचा तोंडलीचा मांडव, आणि परसाच्या दारात पाठमोरे उभे असलेले दादा.

दादा म्हणजे माझे सासरे. संजय त्यांना दादा म्हणतो, म्हणून मीही. सासूबाई मी या घरात येण्याआधीच गेल्या होत्या. दादांनी सारं आयुष्य भातशेती केली. त्यांचे हात मी लग्नात पहिल्यांदा पाहिले तेव्हा नखांच्या कडांना चिखल होता. मुलाच्या लग्नातही तो निघाला नव्हता. पुढं भावंडांत वाटण्या झाल्या, वाटण्यांचे तुकडे झाले, रस्ता जवळ आला, आणि एकेकानं विकायला काढलं. सगळ्यांनी सह्या केल्या, शेवटी दादांनीही केली. आता त्या जमिनीच्या वरच्या अंगाला कुणाचा तरी बंगला आहे, खालची भाताची खाचरं नुसती गवतानं भरलेली आहेत. सही करून घरी आले त्या दिवसापासून दादांनी मातीला हात लावला नाही. घरामागं विहिरीपाशी चार वाफे निघतील एवढी जागा आमच्याकडे उरली होती, तिथंही ते गेले नाहीत. ओट्यावर बसायचे. बाजारात जाताना शेतावरची वाट टाळून लांबच्या रस्त्यानं जायचे. शेताचं नाव त्यांच्या तोंडून पुन्हा आलं नाही आणि आमचीही काढायची हिंमत झाली नाही. मला त्यांची फार काळजी वाटायची. माणूस धडधाकट असतो, दोन वेळा जेवतो, आणि तरी रोज थोडा थोडा कमी होत जातो, हे मी तेव्हा डोळ्यांनी बघत होते.

अशात मी खोपोलीला रोपांच्या प्रदर्शनात गेले आणि चर्विलचं पाकीट घेऊन आले. का घेतलं, तर चित्र सुंदर होतं आणि हे आपल्याकडे येणार नाही असं विकणाऱ्या पोरीनंच सांगितलं. मला येणार नाही म्हटलं की मी ते करतेच. माझं माहेर कशेळ्याकडचं. तिथं या स्वभावाला हट्टी म्हणतात, सासरी माणसं सभ्य असल्यामुळं हौशी म्हणतात.

रविवारी मी मांडवाच्या पूर्वेला, सकाळचं ऊन लागेल आणि दुपारचं लागणार नाही अशा बेतानं, वाफा केला. माती चाळली. पाकिटावरच्या सूचना पाठ केल्या. बी वर नुसतं पसरायचं, मातीनं झाकायचं नाही, कारण याला उगवायला उजेड लागतो. ओल सुकू द्यायची नाही. आणि मोठ्या अक्षरांत लिहिलेलं: रोप उपटून दुसरीकडे लावायचं नाही. याचं मूळ एकच, सरळ, दोऱ्यासारखं; ते दुखावलं की संपलं. मी बसून हे सगळं करत असताना ओट्यावरून आवाज आला.

"भाजलंस नाय? राब केल्याबिगर रोप यायचं कसं?"

आमच्याकडे भाताचं रोप टाकायच्या आधी त्या जागेवर शेण, पालापाचोळा, काटक्या पसरून जाळतात. त्याला राब भाजणं म्हणतात. जागा भाजल्याशिवाय बी टाकणं म्हणजे दादांच्या लेखी अंघोळ न करता देवाला हात लावणं. मी मान वर न करता म्हटलं, दादा, हिला नाही लागत. ते पुन्हा भिंतीला टेकून बसले. पण ते बोलले होते! वाफ्याबद्दल, मातीबद्दल, आपण होऊन बोलले होते. मी उगाचच पुन्हा माती चाळत बसले.

मग वाट बघणं सुरू झालं. रोज सकाळी अंगावर शाल टाकून मी वाफ्याशी उकिडवी बसायची. काहीच नाही. मुंग्या, एक गोगलगाय, पुन्हा काहीच नाही. माझ्या घाईचं घरात हसं झालं. आमची तन्वी तेव्हा सहावीत होती. ती म्हणाली, आई, तू बघतेस म्हणून ते लाजतंय. आणि एका सकाळी, धुकं अजून मांडवाला चिकटलेलं असताना, काळ्या मातीवर हिरवे धागे उभे होते. इतके बारीक की डोळे बारीक करून बघावे लागत होते. मी ओरडले असणार, कारण संजय तोंडात ब्रश घेऊन धावत आला, साप निघाला असं समजून. दिवसभर ऑफिसात मी ज्याला त्याला सांगत होते. साहेबांनीही ऐकून घेतलं, बिचारे.

रोपं चार बोटं झाली. मी बी जरा जास्तच टाकलं होतं, त्यामुळं वाफा गच्च भरला होता. विरळणी करायला हवी, जास्तीची रोपं मुळाशी कात्रीनं छाटायला हवीत, असं मनात घोळवत होते. पण छाटायला जीव होत नव्हता. रविवारी करू म्हणत राहिले.

रविवार यायच्या आतच ते झालं. संध्याकाळी खालापूरच्या ऑफिसातून घरी आले, तर परसाचं दार उघडं होतं. दादा दारात पाठमोरे उभे होते. धोतर गुडघ्यांवर खोचलेलं, पोटऱ्यांपर्यंत चिखल, हातांवर चिखल, कपाळावरही एक पट्टा. त्यांनी वळून पाहिलं आणि बाजूला झाले, मला दिसावं म्हणून.

माझा वाफा रिकामा होता. शेजारच्या दोन वाफ्यांत पाणी सोडून, पायांनी तुडवून दादांनी चिखल केला होता, आणि त्या चिखलात माझी सगळी चर्विल लावली होती. रोपं उपटून, मुळं धुवून, जुड्या बांधून, मग दोन-दोन, तीन-तीन काड्यांचा चूड, म्हणजे झुबका, अंगठ्यानं दाबत दाबत ओळीनं. भाताची लावणी करतात अगदी तशी. आमच्या भाषेत आवणी. ओळ दोरी लावल्यासारखी सरळ होती.

"दाटी झाली व्हती," दादा म्हणाले. "लावून टाकली."

पाकिटावरची मोठी अक्षरं डोळ्यांपुढं नाचत होती. पण मीही भातवाल्यांचीच लेक. लहानपणी आषाढात आईच्या मागून वाकून मीही आवणी केलेली आहे. रोप दाट झालं की उपटायचं, मोकळं लावायचं, मग ते जोर धरतं. आमच्याकडे मायेची रीत हीच. दादांनी माझ्या रोपांवर माया केली होती. आणि त्यांच्या नखांच्या कडांना चिखल होता. तो मी किती वर्षांनी बघत होते!

"छान लागलीत, दादा," मी म्हटलं. आत जाऊन मोरीत तोंडावर पाणी मारलं, तेव्हा मला रडू येतंय की हसू, ते मला सांगता आलं नसतं. संजयला डोळ्यांनीच गप्प राहायला सांगितलं. तन्वी पाकीट घेऊन धावत होती, तिच्या हातातून ते काढून घेऊन मी डाळीच्या डब्यात टाकलं.

पुढचे दिवस दादा पहाटेपासून परसात. पाणी घालायचे, वाकलेल्या काडीला बोटानं आधार द्यायचे, दुपारी झावळ्यांची सावली करायचे. आणि चर्विल मरत होती. बरीचशी रोपं माना टाकून गेली. जी वाचली ती आणखी वाईट वागली. पानं धरायच्या ऐवजी त्यांनी घाईघाईनं उंच दांडे काढले आणि टोकाला पांढऱ्या फुलांच्या इवल्या छत्र्या उघडल्या. भ्यायलेलं झाड असंच करतं; जगायची खात्री नसली की आधी बी धरायला बघतं. फुलं दिसायला गोजिरी, पण पानाला चव उरली नव्हती. दादा रोज बघत होते. मला भीती वाटायला लागली की आता हे पुन्हा ओट्यावर जातील, आणि या वेळी कायमचे.

एका सकाळी मी चहा घेऊन गेले तर ते वाफ्याच्या कडेला बसले होते. हातात एक सुकलेलं रोप. मुळाचा तो एकच दोरा, अर्ध्यात तुटलेला, त्यांनी तळहातावर सरळ करून ठेवला होता.

"हिला लावणी सोसत नाय," ते म्हणाले. "तुला ठाव व्हतं."

"होतं."

"मंग बोलली का नाय?"

मी कप खाली ठेवला. "तुमी चिखलात उतरला होता, दादा."

मला वाटलं, रागावतील, किंवा उठून जातील. त्यांनी ते रोप हळूच बाजूला ठेवलं, चहाचा कप उचलला, अर्धा संपवला.

"बी उरलंय का गं?"

उरलं होतं! मी अक्षरशः धावले. डाळीचा डबा परातीत उपडा केला, पाकीट झटकलं, तळाशी दोन चिमटी बी होतं. दादांनी ते हातावर घेऊन न्याहाळलं आणि त्यांचं त्यांनीच ठरवलं की हिला भात समजलो हीच गफलत, हिला वाल समजायचं. भात कापून झाला की त्याच खाचरात, उरलेल्या ओलीवर आमच्याकडे वाल टाकतात. टाकला तिथंच तो उगवतो, तिथंच वाढतो, त्याला कुणी हलवत नाही. मी सांगितलं की हे बी झाकायचंही नाही. त्यावर त्यांनी नाक मुरडलं, उघडं बी मुंग्या नेतील म्हणाले, आणि चुलीतली राख आणून वाफ्याभोवती तिचं रिंगण घातलं. बी विरळ टाकलं, तळहातानं नुसतं थोपटलं. आम्ही दोघं वाफ्याच्या दोन बाजूंना बसलो होतो आणि मला त्या क्षणी त्या वाफ्यापेक्षा मोठं काही जगात दिसत नव्हतं.

या वेळी ती आली. थंडीही तशीच पडली. पहाटे विहिरीतून वाफ निघायची, माथेरानच्या बाजूचा डोंगर दहा वाजेपर्यंत दिसायचा नाही. मांडवाखालच्या गारव्यात चर्विल हळूहळू पसरली, खाली बाहेरची पानं रुंद, मध्यात कोवळी पोपटी. दादा सांगायचे, बाहेरबाहेरचं घे, मधलं राहू दे. ते मी पाकिटावरही वाचलं होतं, पण त्यांच्या तोंडून ऐकायला जास्त आवडायचं.

आणि मग स्वयंपाकघरात माझी फजिती. पहिली जुडी मी तेल तापवून, जिरं-मिरचीवर थेट फोडणीत टाकली. चुर्र झालं आणि सगळं गेलं. वास नाही, चव नाही, काळे तुकडे तेवढे बटाट्यांना चिकटलेले. दादा जेवता जेवता म्हणाले, पाला कुठं गेला गं. मग कळलं की हिला विस्तवाशी ओळखच करून द्यायची नाही. गॅस बंद करायचा, भांडं खाली उतरवायचं, आणि वरून कात्रीनं कातरून टाकायची. वाफेनं ती नुसती जागी होते. त्यानंतर आमच्या घरी धुमाकूळ सुरू झाला. गरम गरम अंड्याच्या पोळीवर चर्विल. उकडलेल्या बटाट्यांवर मीठ, लोणी आणि चर्विल. ताकात चर्विल. मऊ भात, साजूक तूप, वर चर्विल. हे दादांना इतकं आवडलं की ते ताट घेऊन परसातच जायचे, हातानं खुडून घालायचे. वालाच्या बिरड्यावर मात्र त्यांनी ती चालू दिली नाही. बिरड्याला कोथमीरच, म्हणाले. मी वाद घातला, हरले, आणि मनातून मान्य केलं की तिथं ती नारळापुढं फिकीच पडते. संजय म्हणायचा, आता चहात तेवढी टाकायची राहिलीय. टाकून बघितली होती. त्याला सांगितलं नाही.

आता वाटतं, त्या पाल्यानं मला सावकाश जेवायला शिकवलं. आमची जिभेची सवय झणझणीताची. मसाला, लसूण, सुकी मासळी. चर्विल हळू बोलते. ऐकायचं तर आपल्याला जरा थांबावं लागतं. थांबणं मला मुळीच जमत नाही, म्हणूनच बहुतेक मी तिच्या मागं एवढी वेडी झाले.

माघ लागला, वालाच्या शेंगा भरल्या, आणि गावात पोपटीचे धूर निघायला लागले. पोपटी म्हणजे आमच्या भागातला थंडीचा उत्सवच. मडक्यात वालाच्या शेंगा, मसाला लावलेली कोंबडी, अंडी, बटाटे, ओवा, मीठ; तळाला, मध्ये आणि तोंडाशी भांबुर्ड्याचा पाला गच्च भरायचा, मडकं उपडं घालायचं आणि भोवती आग पेटवायची. पाण्याचा थेंब नाही. भांबुर्ड्याच्या रसाच्या वाफेवर सगळं शिजतं. हा उग्र वासाचा पाला शेताच्या बांधावर आपोआप उगवतो. आमच्या घरात शेत गेल्यापासून पोपटी झालेली नव्हती. कुणी बंद केली असं नाही, कुणी विषय काढला नाही एवढंच.

त्या रविवारी काढला, तो मी. भावकीतून टोपलीभर शेंगा आल्या होत्या आणि मला हुरूप चढला होता. जाहीर केलं की आज पोपटी, आणि भांबुर्ड्याच्या जागी चर्विल. परसात विळा घेऊन निघालेसुद्धा. दादा ओट्यावर शेंगा निवडत होते. ते हसायला लागले. आवाज न करता, खांदे हलवत हसत होते. मी त्यांना तसं हसताना कधी पाहिलं नव्हतं.

"वेडी का काय तू? तिच्यानं मडकं शिजंल व्हय? पार जळून जाईल ती." मग हसू थांबलं. शेंगांची टोपली त्यांनी बाजूला सरकवली. "भांबुर्डाच पायजे."

संजय म्हणाला, रस्त्याकडेला आहे थोडा, मी आणतो. रस्त्याची धूळ खायची का, असं म्हणत दादांनी खुंटीवरचा पंचा खांद्यावर घेतला, विळा माझ्या हातातून घेतला आणि निघाले. लांबच्या रस्त्याला नाही. खालच्या पायवाटेनं, सरळ शेताकडे. संजय उठून उभा राहिला, मागं जावं की नाही त्याला कळेना. मी त्याचा दंड धरून ठेवला. आम्ही तिघं अंगणात उभे राहिलो, पोपटीची लाकडं रचायचं सोडून. तिथं गवत बघून, बंगला बघून ते अर्ध्यातून परतले तर काय करायचं, एवढंच डोक्यात होतं.

उन्हं कलायला लागली तेव्हा ते आले. पंच्यात मोठा भारा, धोतराला कुसळं लागलेली. भांबुर्ड्याचा वास त्यांच्या आधी अंगणात शिरला. भारा खाली टाकून ते मडक्याशी बसले आणि तळाला पाला लावायला लागले. हात भराभर चालत होते. पाला, शेंगा, पाला, कोंबडी, अंडी, पाला. मडक्याचं तोंड दाबून बंद केलं, उपडं घातलं, आग पेटली.

मडकं उघडलं तेव्हा सगळ्यांनी एकदमच हात घातले. बोटं भाजत होती, शेंगांतून वाफ निघत होती. मी अंडी सोलून अर्धी केली आणि मूठभर चर्विल कातरून वर टाकली. आता ती आपल्या जागी होती. दादांनी एक फोड तोंडात टाकली, डोळे मिटून चावली.

"खालच्या खाचरात अजून ओल हाय," ते म्हणाले. "वाल टाकले असते तं आले असते."

संजयचा हात तोंडाकडे जाता जाता थांबला. दादा पुढं बोलत होते. बांध कुठं खचलाय, कुठं तसाच आहे. आंब्याखालचं खाचर लवकर सुकायचं. तळ्याकडच्या खाचरात कोलम चांगला यायचा. सर्वांत वरचं त्यांनी स्वतः दगड फोडून केलं होतं, संजय तेव्हा पाळण्यात होता. तन्वीनं विचारलं, त्या खाचरांना नावं होती का. होती, प्रत्येकाला होती. दादा एकेक नाव सांगत गेले आणि ती मागून म्हणत गेली. मडक्यातल्या शेंगा गार होत होत्या. आमच्यातलं कुणीही हात पुढं केला नाही.